रेघेपलीकडची ठिणगी

दवाखान्यात नर्सनं केसपेपरवरचं नाव पुकारलं, तेव्हा करंटकाका समोरच्या भिंतीकडे बघत निवांत बसून राहिले. नर्सनं दुसऱ्यांदा पुकारलं. काकांनी मान वळवून शेजारच्या माणसाकडे पाहिलं, की बाबा, तू उठत का नाहीस? शेवटी काकूंनी कोपरानं ढोसलं.

“अहो, तुम्हालाच बोलावतायत.”

“मला? मग करंटकाका म्हणायचं ना.”

त्यांचं खरं नाव असं केसपेपरापुरतंच उरलं होतं. काका गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करत. या धंद्यातली बाकीची माणसं करंट येतो की नाही हे दिवा लावून किंवा मीटर लावून बघतात. काका ते बोटानं बघायचे. जुन्या गाडीचं इंजिन फिरत असताना प्लगची जाड वायर उपसायची आणि तिच्या टोकाशी डाव्या हाताचं मधलं बोट न्यायचं. झटका बसायचा, खांदा उडायचा आणि काका निदान सांगायचे. झटका कडकडून चावला तर कॉइल ठणठणीत. नुसता चाटून गेला तर कंडेन्सर थकला. गुदगुल्या झाल्या तर कुठेतरी ओल शिरली. आणि काहीच झालं नाही, तर भुवया वर करून म्हणायचे, “ही रुसली. हिची समजूत काढायला वेळ लागणार.” गल्लीतली माणसं त्यांच्याशी हात मिळवताना आधी स्वतःचा हात झटकायची आणि मग हसायची. हा विनोद जुना झाला होता, पण तो कोणी सोडत नव्हतं.

काकूंनी हे सगळं ऐकलं होतं. बघितलं कधीच नव्हतं. दुकान घरापासून तीन वळणांवर, पण काकूंचं स्वतःचं शिवणकाम घरातच चाले. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कोणाची पँट आखूड कर, कोणाचा शर्ट उसव. नवऱ्याचा धंदा त्यांना माहीत होता तो धुण्याच्या बादलीतून. ग्रीसचा डाग कोणता, जळक्या ऑइलचा कोणता, हे त्या नुसत्या वासावरून सांगत. बॅटरीच्या अॅसिडनं शर्टाला पडलेली बारीक भोकं त्यांनी इतकी वर्षं रफू केली होती की काही शर्टांत मूळ कापड किती आणि काकूंचा धागा किती, असा प्रश्न पडावा. ठिणगीचा मात्र कपड्यावर डाग पडत नाही. त्यामुळे ज्या एका गोष्टीभोवती नवऱ्याचा सगळा जन्म गेला, तीच तेवढी त्यांना ठाऊक नव्हती.

मग एक दिवस काका दुकानात उभ्याउभ्या खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणाले. तपासणीत निघालं की हृदयाचे ठोके फार सावकाश पडतात, मधेच एखादा पडतच नाही. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा लहान अशी डबी बसवली. ठोका चुकला की ही डबी आतून हलकासा करंट देते, ठोका पाडते.

“म्हणजे आता माझं टायमिंग तुमच्याकडे,” काका डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टर हसले, पण पुढचं बोलले ते न हसता. चालू इंजिनाच्या करंटानं ही डबी गोंधळू शकते. चालू गाडीपासून दोन हात लांब राहायचं आणि प्लगच्या वायरला बोट लावायचं तर नावच काढायचं नाही.

काकांनी मान डोलावली. घरी येऊन विश्रांती घेतली. पुन्हा दुकानात जायला लागले, तेव्हा काकू डबा पोचवायच्या निमित्तानं रोज पहारा करायला जाऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बघितलं. एक टेम्पो धडधडत उभा होता, काका मालकाशी गप्पा मारत होते, आणि गप्पा मारता मारता त्यांचा डावा हात, जणू दुसऱ्याच कोणाचा असावा तसा, सरळ वायरींकडे निघाला होता. काकू अशा ओरडल्या की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. डबा फुटपाथवर उपडा झाला. काका आपल्याच हाताकडे बघत राहिले.

त्या संध्याकाळी लेक आली. लेक प्रयोगशाळेत रक्त तपासायची. बोलणं मोजकं आणि एकदा बोलली की बदल नाही.

“बाबा, तुमच्या हाताला ब्रेक नाही.”

“बंद गाडीचं काम करीन. बंद गाडीत कुठला आलाय करंट?”

“बंद गाडी चालू करायलाच तुम्ही हात घालता ना? मग ती चालू झाली की हात बाहेर काढायचं तुमच्या लक्षात राहणार आहे?”

खोटं बोलायची काकांना सवय नव्हती. ते म्हणाले, “हात माझं ऐकत नाही, हे खरं आहे.”

दुकानाला कुलूप लागलं. लेकीनं एक चष्मेवाला शोधून आणला; त्याला तिथं चष्म्याचं दुकान थाटायचं होतं. काका हो म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

त्यानंतर घरात माणूस होता, पण त्याची चाहूल नव्हती. पूर्वी काका जेवताना काकूंचं मशीन नुसतं ऐकून सांगायचे, “अगं, खालचा पट्टा सैल झालाय.” आता ते मशीनशेजारी खुर्ची टाकून बसत, आणि पट्टा खरंच सैल होऊन मशीन खडखडत असे, तरी काही बोलत नसत. काकूंनी एकदा मुद्दाम पट्टा सैल केला आणि दिवसभर तशाच शिवत राहिल्या. काकांनी पेपर उलटला.

किल्ली रविवारी दुपारी द्यायची ठरली. शुक्रवारी रात्री पानं वाढताना काकूंनी विचारलं, “दुकानातल्या त्या गोल नाकाच्या गाडीचं काय?”

ती गाडी फोटोवाल्याची. दुधी रंगाची, जुन्या घाटाची, त्याच्या वडिलांनी घेतलेली. गल्लीतल्याच त्याच्या स्टुडिओत घरच्या माणसांपेक्षा त्या गाडीचे फोटो जास्त होते. काकांना डबी बसली त्याच्या आदल्या आठवड्यात ती भर रस्त्यात बंद पडली होती. ढकलत दुकानात आणली ती तिथंच राहिली. “घाई नाही काका,” फोटोवाला म्हणाला होता, “तुम्ही बरे व्हा. तिला दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही.”

“ओढून नेईल बिचारा,” काका म्हणाले.

“चालू नाही होणार?”

“करंटच येत नाही तिला. हात लावल्याशिवाय कशी होणार?”

“मग हात माझे घ्या.”

काकांनी घास तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. लेक त्या रात्री जेवायला आली होती. “आई, आता तूही?”

“मी काही म्हणत नाही. ते लांब उभे राहतील, मला सांगतील. सुईत दोरा मी ओवते ना अजून? मग वायरी काय मोठ्या लागून गेल्या!”

लेकीनं दोघांकडे बघितलं, आणि तिच्या सवयीप्रमाणे अटीच घातल्या. बाबांचा हात गाडीला लागला नाही आणि तरी गाडी चालू झाली, तर चष्मेवाल्याला नाही म्हणून तीच सांगेल. हात लागला, किंवा गाडी चालू झाली नाही, तर किल्ली द्यायची आणि घरात कुरकुर करायची नाही.

“कबूल,” काका म्हणाले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात कोणीतरी राहत होतं.

रविवारी सकाळी शटर वर गेलं. काकूंनी सोबत पिशवी आणली होती: चष्मा, बारीक कात्री, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणि कापडावर खुणा करायचा चपटा खडू. काकांना गाडीच्या नाकासमोर उभं करून त्यांनी दोन हातांचं अंतर मोजलं आणि फरशीवर गाडीभोवती रेघ ओढली.

“मला काय मापानं कापणार आहेस?”

“रेघेच्या आत आलात तर कापीनच.”

फोटोवाला चालकाच्या जागी बसला. लेक दारातल्या स्टुलावर बसली, हाताची घडी घालून. काकूंनी बॉनेट वर केलं आणि क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. नळ्या, वायरी, झाकणं, सगळं एकमेकांत गुंतलेलं. जणू कोणीतरी दोऱ्यांचा गुंता इस्त्री करून ठेवला होता.

“घाबरू नकोस. यातल्या निम्म्याशी आपला संबंध नाही,” काका रेघेपलीकडून म्हणाले. “तो काळा नळकांड्यासारखा डबा दिसतो? ती कॉइल. तिच्यातून एक जाड वायर निघून काळ्या टोपीत जाते. ती टोपीतून उपस. हातानं नाही, चिमट्यानं धर, आणि टोक इंजिनच्या लोखंडाच्या जवळ ने. टेकवायचं नाही. मध्ये मण्याएवढी फट ठेव.”

काकूंनी लाकडी चिमट्यात वायर पकडली. काकांनी लेकीला शटर अर्धं खाली ओढायला सांगितलं. “उजेडात ठिणगी लाजते.”

“मार सेल्फ!”

इंजिन घुरघुरलं. काकू डोळे फाडून त्या फटीकडे बघत होत्या. काहीच झालं नाही.

“काय दिसलं?”

“लोखंड.”

“बरोबर. म्हणजे घोडं टोपीच्या अलीकडे अडलंय. प्लगना दोष द्यायचं कारण नाही.” काका रेघेच्या कडेकडेनं फिरू लागले, पाठीमागे एका हातानं दुसरा हात घट्ट धरून. “आता तो तारेचा दिवा घे. एक टोक लोखंडाला, दुसरं कॉइलच्या त्या बाजूला जिथून बॅटरीचा करंट आत येतो. लागला? ठीक. आता कॉइलच्या दुसऱ्या बाजूला लाव. फोटोवाले, पुन्हा सेल्फ. अगं, दिव्याकडे बघ आणि मला सांग तो काय करतो. उघडझाप करतो की नाही?”

“नाही. टक लावून बघतोय माझ्याकडे.”

“विझत नाही मधेच?”

“अजिबात नाही.”

काकांनी डोळे मिटले. काकूंना वाटलं त्यांना त्रास होतोय. मग कळलं, ते मनानं कॉइलच्या त्या डब्याच्या आत शिरले होते. डोळे मिटूनच ते सांगू लागले. बॅटरीतला करंट गरीब असतो, त्याला उडी मारता येत नाही. तो कॉइलमध्ये भरावा लागतो. टोपीखाली दोन छोट्या टिकल्या असतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात तोवर करंट भरत राहतो. टिकल्या विलग झाल्या की तो कोंडलेला करंट पिसाळतो, आणि ज्याला चिमूटभर अंतर तोडवत नव्हतं तो उघड्या हवेतून उडी मारतो. गाडी पळते तेव्हा हे मिनिटाला हजारो वेळा होतं. दिवा विझत नाही याचा अर्थ त्या टिकल्यांची भेटच होत नाही.

“म्हणजे सुटल्यामुळे ठिणगी पडते?” काकूंनी विचारलं.

“आधी धरलेलं असलं तर. नुसतं सुटून काय होणार?”

काकूंनी टोपीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उघडल्या आणि टोपी उचलली. आत एवढंसं यंत्र होतं. मनगटी घड्याळासारखं नीटस, पण घड्याळाहून दणकट. मध्ये एक दांडा, त्याला कोपरे, आणि कोपऱ्यांच्या ठोकरीनं उघडणारी ती टिकल्यांची जोडी. काकूंना आपल्या मशीनचं पोट आठवलं. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी हे बघायला घराबाहेर पडत होता तर!

“टिकल्या काळ्या पडल्यात.”

“पॉलिशपेपर फिरव. अलगद. नखाला फिरवशील तसा.”

त्यांनी फिरवला. टिकल्या लखलखल्या. पुन्हा दिवा लावला, पुन्हा सेल्फ. दिवा तसाच, टक लावून. फोटोवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून सुस्कारा सोडला.

“चेहरा कशाला पाडता?” काका म्हणाले. “फोटो काढायचाय का तुमचा?” पण त्यांच्याही कपाळावर आठी होती. पूर्वी अशा वेळी त्यांचं बोट आत गेलं असतं, इकडेतिकडे चाचपलं असतं आणि काहीतरी घेऊनच परतलं असतं. ते रेघेपर्यंत आले. बुटाचं टोक खडूवर टेकलं. स्टुलावरून लेकीचा आवाज आला, “बाबा.”

बूट मागे गेला.

काकू मात्र अजून आत वाकलेल्या होत्या. टिकल्यांपाशी एक वीतभरसुद्धा नसेल अशी बारीक वायर येत होती, जुन्या पद्धतीची, वरून सुती कापडाचं वेष्टण असलेली. वेष्टण कुठे फाटलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं. दिसायला धडधाकट. तरी काकूंनी ती सहज अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेली. नेफ्यात इलॅस्टिक तुटलं की बाहेरून काही कळत नाही. कापड तसंच असतं, शिवण तशीच असते, फक्त बोटांना एका जागी पोकळी लागते. काकूंची चिमटी मध्येच थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा तिथंच थांबली.

“अहो, ही आतून तुटलीय.”

“कुठली?”

“ही छोटी. वरचं कापड शाबूत आहे, पण आतला धागा नाही. इथं बोटाला काही लागतच नाही.”

तुटकी वायर काकांनी आयुष्यात पुष्कळ बघितली होती. पण सगळं तपासून, जोडून, काढून, मग शेवटी तिच्यापर्यंत येऊन. नुसत्या चिमटीनं कापडाच्या आतला तांब्याचा धागा तुटलेला सांगणारं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं, आणि ते इतकी वर्षं त्यांच्याच घरात बसून गणवेश शिवत होतं.

“काढ ती,” ते हळूच म्हणाले. “इकडे टाक.”

वायर सोडवून काकूंनी रेघेपलीकडे टाकली. काकांनी ब्लेडनं वेष्टण चिरलं. आत बरोबर त्याच जागी तांब्याचे केसासारखे तंतू तुटून दोन कुंचले झाले होते. त्यांनी ते लेकीला नेऊन दाखवले, फोटोवाल्याला दाखवले, आणि दाखवताना असे दाखवले की जणू बक्षीस मिळालंय.

टेबल रेघेच्या बाहेर होतं. तिथं काका स्वतः बसले. पत्र्याच्या डब्यातून मऊ वायर शोधली, मापानं तोडली, दोन्ही टोकांना कथलाचा डाग दिला. बॅटरी आणि दिवा लावून त्यांनी वायर वाकवून, पिळून, ताणून बघितली. दिवा एकदाही लुकलुकला नाही. “ही बोलते,” ते म्हणाले. काकूंनी ती जागेवर बसवली. टिकल्यांमधली फट पट्टीनं मोजली, आणि पट्टीशिवायही सांगितली असती, कारण त्यांच्या हिशेबात ती कॉलरीच्या कॅनव्हासच्या एका पदराएवढी होती. सगळं पुसून, झटकून त्यांनी काम संपवलं, घरी संपवतात तसंच. टोपी बसवली. पट्ट्या लावल्या.

“आता बघ,” काका म्हणाले. “चिमटा धर. शटर खाली घे गं. आता बघ तू.”

“मार सेल्फ!”

इंजिन घुरघुरलं. फटीत काळोख होता. काकूंनी वायर जरा जवळ नेली. काळोखच.

“काय दिसलं?”

“पुन्हा लोखंडच.”

“दिवा लाव कॉइलला.”

दिवा टक लावून बघत राहिला.

काकांनी मनातल्या मनात सगळ्याची एकदा उजळणी केली. वायर चांगली होती. ती त्यांनी स्वतः बघितली होती. कॉइल ठीक, बॅटरी ठीक. मग त्यांना जे वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर उतरलं, आणि काकूंना ते बघवेना. काकांना वाटलं होतं की बोटाविनाही आपण कोणीतरी आहोत. आणि आता गाडीनं सांगितलं होतं की नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली. लेकीपाशी गेले.

“घे. तुझं बरोबर होतं.”

लेकीनं हात पुढे केला नाही. ती आज जिंकायला आली होती, आणि जिंकल्यावर तिला कसंतरीच झालं होतं. “चष्मेवाला यायला वेळ आहे बाबा. अजून एकदा...”

“अजून काय राहिलंय? टिकल्या साफ, वायर नवी. आरशासारख्या टिकल्या आहेत ना गं?”

“आहेतच,” काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या. “मी नवीन वायर लावल्यावर पुन्हा पुसल्या. तेलसुद्धा घातलं.”



“काय घातलंस?” काका वळले.

“तेल. एक थेंब. मशीनचं. पिशवीत असतं माझ्या. एवढं उघडमीट करायचं म्हणजे घासणार नाहीत का त्या? कोरड्या कशा ठेवायच्या?”

काकांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. खांदे हलायला लागले. लेक घाबरून उठली, तिचा हात त्यांच्या मनगटाकडे गेला. पण काका हसत होते. भिंतीला पाठ टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

“अगं बाई, त्यांना कोरडंच भेटायचं असतं! तेल मधे आलं की संपलं सगळं. तू टिकल्यांचं लग्न लावलंस आणि मधे आंतरपाट तसाच ठेवलास!”

“मग आधी सांगायचं नाही का?”

“मला काय माहीत तू त्यांनासुद्धा तेल पाजशील! घरात तुझ्या तेलातून सुटलंय काय, बिजागरीपासून कात्रीपर्यंत...”

“हसू नका. काय करू ते सांगा.”

फोटोवाला गाडीतून उतरून स्टुडिओकडे पळालाच होता. तो लेन्स पुसायच्या तलम कागदांची गड्डी घेऊन आला. काकूंनी कागदाची एक एक पट्टी टिकल्यांमध्ये सरकवली आणि ओढली. पहिल्या पट्टीवर पिवळट डाग उमटला, दुसरीवर फिकट, आणि मग एक पट्टी जशी गेली तशी पांढरीस्वच्छ बाहेर आली. काकूंनी ती काकांना लांबूनच दाखवली. त्यांनी मान हलवली. आता ते हसत नव्हते.

टोपी बसली. शटर पुन्हा खाली आलं. अर्ध्या अंधारात काकू वाकल्या, चिमट्यात वायर, टोकासमोर लोखंड, मध्ये मण्याएवढी रिकामी हवा.

“मार.”

टच्‌.

निळी. काकू दचकल्या, पण चिमटा सोडला नाही. टच्‌, टच्‌, टच्‌. सुईच्या टोकाएवढी जाड, पण इतकी निळी, की तो रंग त्यांनी जन्मभर हाताळलेल्या कुठल्याच कापडात नव्हता. ती कुठून येत नव्हती, कुठे जात नव्हती. आधी तिथं हवा होती. मग ती होती. मग पुन्हा हवा. दोन्हींच्या मध्ये पापणी लवायलाही जागा नव्हती. तिच्याबरोबर एक वास आला, स्वच्छ, तिखट, आणि काकूंच्या अंगावर काटा आला, कारण हा वास त्यांच्या ओळखीचा होता. संध्याकाळी घरी आलेल्या नवऱ्याच्या डाव्या हाताला हा वास यायचा. लग्न झाल्यापासून यायचा. त्यांना वाटायचं, हा त्यांच्या हाताचाच वास आहे.

“दिसली?” काकांचा आवाज अगदी लहान झाला होता.

“दिसली.”

“कशी आहे?”

काकूंनी ठिणगीवरची नजर काढली नाही. “तुम्ही... रोज बघायचात ही?”

“रोज.”

“आणि घरी येऊन नुसतं जेवायचात?”

लेक नकळत स्टुलावरून उठून आईच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. तिनंही ती पहिल्यांदाच बघितली. बापाच्या नावातला करंट तिनं लहानपणापासून ऐकला होता. तो असा दिसतो, हे तिला माहीत नव्हतं. ती एकदा त्या ठिणगीकडे बघे आणि एकदा बापाच्या डाव्या खांद्याखालच्या त्या उंचवट्याकडे.

शटर वर गेलं, जाड वायर टोपीत परत गेली. काकूंनी हात पुसले, मागे सरकल्या, आणि फोटोवाल्यानं सेल्फ मारला. इंजिन खोकलं, एकदा मोठ्यानं शिंकलं आणि धरलं. सगळं दुकान थरथरायला लागलं, पत्र्याचे डबे वाजायला लागले. फोटोवाला स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिला आणि डोळे पुसताना त्यानं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“थांब, लंगडतेय ती,” काका ओरडले. ते रेघेपाशी होते, मान तिरकी, कान गाडीकडे. “अगं, टोपीखालचा भाग दोन्ही हातांनी धर. वायरींना नाही, खाली. केसभर डावीकडे फिरव. जास्त झालं. परत. हां... हां... तिथंच.”

लंगडणारा आवाज सरळ झाला. काकूंच्या तळहातांत ते इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं. काका दोन हातांच्या अंतरावरून फक्त ऐकत होते आणि त्यांनी ऐकलेलं काकूंच्या हातांत येत होतं. त्यांनी मान वर करून बघितलं. काकांचे दोन्ही हात पाठीमागे होते, अजून एकमेकांना धरलेले.

दारात सावली पडली. चष्मेवाला आला होता, हातात मोजपट्टी घेऊन. त्यानं धडधडणारी गाडी बघितली, काळ्या हातांची बाई बघितली.

“मी जरा आतलं माप...”

“माफ करा,” लेक त्याला म्हणाली, “तुम्हाला उगाच फेरी पडली. हे दुकान चालू आहे.”

चष्मेवाला मोजपट्टी गुंडाळून निघून गेला. लेक परत फिरली. खाली बघितलं. सकाळपासूनच्या येण्याजाण्यानं खडूची रेघ जागोजागी पुसली गेली होती. काकांच्या बुटांसमोर तर ती उरलीच नव्हती. तिनं आईच्या पिशवीतून खडू काढला, गुडघ्यांवर बसली आणि बापाचे पाय एका हातानं मागे सारत सारत रेघ नव्यानं ओढली. सकाळच्यापेक्षा जाड, आणि चांगली वीतभर लांब.

“एवढी लांब कशाला गं?” काका इंजिनाच्या आवाजावरून ओरडले. “इथून मला दिसणार काय?”

“तुम्ही ऐका,” लेक म्हणाली. “बघायला आई आहे.”